बारा मिनिटांवरची ताई

गावात त्याला सगळे ‘बारा मिनिटं’ म्हणत. धावपट्टीच्या कडेला एक खोली, खोलीत वजनकाटा, टेबलावर वायरलेस, आणि या साऱ्याचा राजा तो एकटा. पलीकडच्या विमानतळावर जायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की मान वर न करता सांगे, "बारा मिनिटं. सरळ रेषेत एकेचाळीस किलोमीटर." आणि रस्त्याने? "नऊ तास. पण रस्त्याने जातं कोण!" मधली दरी जणू यानेच खणली होती, असा तोरा.

पलीकडे वायरलेसवर त्याची सख्खी थोरली बहीण होती. रोज तीनदा दोघं बोलत: वारा किती, ढग किती, प्रवासी किती. त्यापुढे अकरा वर्षांत चकार शब्द नाही. आई गेल्यावर तिचं शिलाई मशीन याच्या घरी राहिलं. ताई त्यावरच शिवण शिकलेली, तिला ते हवं होतं. हा म्हणाला, "येऊन ने." ती म्हणाली, "आणून दे." झालं! विमान रोज दरी ओलांडत राहिलं आणि ही दोघं आपापल्या काठावर हटून बसली. मशीनवर याच्या बायकोने फुलदाणी ठेवली.

आता ताई निवृत्त होणार होती. शुक्रवार तिचा शेवटचा दिवस. शनिवारपासून भलताच कुणीतरी वारा सांगणार होतं. अबोला होता, पण आवाज तरी रोज कानावर पडत होता.

शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो मशीन घेऊन आला. सकाळच्या फेरीने जायचं, मशीन द्यायचं, त्याच विमानाने परत. अकरा वर्षांचं भांडण तासाभरात उरकायचा बेत होता.

विमान नऊ जणांचं. त्यात माणसंसुद्धा सामानासकट काट्यावर चढवावी लागत. आठ प्रवासी झाले, मशीन झालं, शेवटी तो स्वतः चढला. बेरीज एकवीस किलोंनी जास्त. मशीन तेरा किलोंचं, ते काढून भागेना. नियम असा की वजन वाढलं तर आधी फुकट पासवाला कर्मचारी उतरवायचा. तो नियम आजवर त्याने इतरांना मोठ्या खुशीत वाचून दाखवला होता. त्याने स्वतःच्या वजनावर काट मारली. खरं सांगायचं तर त्याला थोडं हायसंही वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

"विमान सुटलं," तो वायरलेसवर म्हणाला. "प्रवासी आठ. शिलाई मशीन एक."

 बारा मिनिटांनी पलीकडून ताईचा आवाज आला, "विमान उतरलं. प्रवासी आठ. मशीन मिळालं." आणि लगेच, "आणणारा कुठाय?"

"वजन जास्त झालं."

"कशाचं?"

त्याने काट मारलेला आकडा बोटाने झाकला.

"बाळ्या, मशीन त्याच विमानाने परत पाठवतेय. उतरवून घे. आणि उद्या ते घेऊन बसने ये. बसला वजनकाटा नसतो."

"ताई, रस्त्याने नऊ तास लागतात गं."

"अकरा वर्षं वाट बघितली, नऊ तासांचं काय सांगतोस मला! जेवायला थांबते."