नवऱ्याचं संमतीपत्र

पीएच.डी.च्या सरांनी माझ्या प्रबंधाचं प्रकरण माझ्या तोंडावर फेकलं. टाचणी सुटली. साठ पानं त्यांच्या मीरारोडच्या घरी हॉलभर पसरली. मी फरशीवर बसून गोळा करायला लागले.

"तुमच्या लग्नात अग्नी नाही, सप्तपदी नाही. तू लग्न आणि धर्म यावर लिहिणार?"

माझा विषय होता चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी साहित्य. तिथले पाद्री बायकांना सांगायचे, नवरा देवाने नेमलेला मालक. ती प्रवचनं आणि नाटकांतल्या मार खाणाऱ्या बायका, यांचा संबंध मी दाखवला होता. भाईंदरच्या शाळेत शिकवून, स्वयंपाक उरकून लिहिलं होतं.

सरांची एक रीत होती. लग्न झालेली विद्यार्थिनी घेताना ते नवऱ्याचं संमतीपत्र मागायचे. मीही मुकाट्याने आणून दिलं होतं. अक्कल गहाण ठेवली होती मी.

त्या पत्राच्या जोरावर त्यांनी त्या रविवारी माझ्यासोबत माझ्या नवऱ्यालाही घरी बोलावलं होतं. तो कारकून. आम्ही नांदेडकडचे बौद्ध. सरांनी शेजारी सोफ्यावर बसवलं, एवढ्यानेच तो विरघळला.

"हिला जरा आवरा," सर त्याला म्हणाले. "हिला सगळीकडे अन्यायच दिसतो."

"सरांची माफी माग," नवरा म्हणाला.

"नाही मागणार."

त्याने उठून थोबाडीत मारली. डोकं टीपॉयच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली, रक्त पानांवर गळलं. सर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही. म्हणाले, "आता नीट लिहील."

मी पुस्तकांत ज्याला शोधत होते तो पाद्री माझ्यासमोर बसला होता. मला हसू आलं. मग संताप आला.

नवऱ्याने पुन्हा हात उगारला. मी मनगट धरलं आणि चावले. रक्त येईपर्यंत सोडलं नाही. तो किंचाळला. नऊ वर्षं मी त्याला अहो-जाहो करत होते, ते त्या दिवशी संपलं. "परत हात लावलास तर तोडीन." सरांचा कप हिसकावला आणि भिंतीवर फोडला.

"तुला दुसरा कोणी मार्गदर्शक दारात उभं करणार नाही," सर म्हणाले. आवाज कापत होता त्यांचा.

खोली माझ्या नावावर होती. संध्याकाळी त्याचे कपडे दाराबाहेर ठेवले. शेजारच्या गुजराती भाभीने विचारलं, "क्या हुआ, टीचर?"

"मारता था. निकाल दिया."

विद्यापीठात लेखी तक्रार दिली, नवा मार्गदर्शक मागितला. अजून उत्तर नाही. पदवी मिळो न मिळो, प्रबंध मी पूर्ण करणार. मारणाऱ्याला तर सोडणार नाहीच. पण शेजारी बसून बघणाऱ्याला आधी जाब द्यायला उभा करीन.