स्मिताचे पट्टे आणि आईची भिंत

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. गाळ्यात केर साठतो तसे साठतात. केर मी रोज काढतो, किस्से तेवढे राहून जातात.

आमचा गाळा मुलुंडला. स्मिता कॉम्प्युटरवर नुसते रंगीत पट्टे काढते. संतोष ते मशीनवर अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापतो. आणि मी ते लोकांच्या घरी जाऊन भिंतीवर टांगतो. देव नाही, फूल नाही, डोंगर नाही. नुसते पट्टे! बँकेतली नोकरी सोडून पोरीने हे सुरू केलं, तेव्हापासून दहिसरला राहणारी तिची आई तिच्याशी कामापुरतंच बोलते.

स्मिताने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "तात्या, जगाने घेतलं नाही तरी चालेल. आईच्या भिंतीवर एक लागलंच पाहिजे."

पहिलं चित्र घेऊन मीच दहिसरला गेलो. वहिनी, म्हणजे स्मिताची आई, आमच्याच मुलखातल्या, त्यामुळे मालवणीतच सुनावलं, "ह्यां काय? पायजम्याचां कापड कोण भिंतीर लावता?" चहा दिला आणि चित्र परत दिलं.

मी गाळ्यावर येऊन सांगितलं. स्मिता म्हणाली, "ठीक आहे. दुसरं काढते."

*

घाटकोपरचे एक साहेब. चित्र घ्यायला आले ते खिशात फ्रिजवरचा चुंबक घेऊन! लावला, तो टपकन खाली पडला.

"हे मेटल नाही! फसवता काय?"

संतोष म्हणाला, "साहेब, अॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही."

"मग आमच्या फ्रिजला कसा धरतो?"

"मग फ्रिजच टांगा ना भिंतीला!"

स्मिताने संतोषकडे बघून डोळे वटारले. तिने साहेबांना नीट समजावलं, घरच्या भांड्यांवर चुंबक लावून बघा म्हणाली. साहेब चित्र घेऊन गेले. दोन दिवसांनी त्यांचा फोन.

"तुमचं चित्र बरोबर आहे हो. पण सासूबाईंनी लग्नात दिलेले स्टीलचे डबे... एकालाही चिकटत नाही! आता बायकोला काय सांगू?"

*

पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून वर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. टांगून झालं की ते सोलायचं. बोरिवलीच्या एका काकूंकडे मी सोलायला गेलो, तर काकू ओरडल्या, "अहो काढू नका! खराब होईल!"

मी खोलीत नजर फिरवली. सोफ्याला प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक, पंख्याच्या पात्यांनाही प्लास्टिक. म्हटलं, बरं.

वर्षभराने तक्रार आली, रंग फिके आहेत. गेलो. सावकाश सगळं प्लास्टिक सोललं. आतून लाल, निळा, पिवळा असे झगझगीत पट्टे निघाले. काकूंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगंबाई! किती सुंदर आहे हे!"

खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, आता परत चिकटवा."

*

मालाडचे एक बिल्डर आले. मोठी ऑर्डर. प्रत्येक बिल्डिंगच्या लॉबीत धावणारे सात घोडे पाहिजेत.

स्मिता म्हणाली, "आम्ही फक्त पट्टे करतो."

"मॅडम, पट्टे कोण बघतं? घोड्याने बरकत येते."

"पट्टेच करतो."

"अहो, थोडं तुमचं, थोडं आमचं. काहीतरी अॅडजस्ट करा ना!"

मशीनमागून संतोष म्हणाला, "झेब्रा चालेल?"

बिल्डर उठले ते गेलेच. गाळ्याला पैशाची गरज होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. स्मिता पाणी प्यायली आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली. त्याच संध्याकाळी आईसाठी दुसरं चित्र झालं. तेही परत आलं. या वेळी कारण वेगळं, "खिळो मारलास तर प्लास्टर पडात."

*

अंधेरीचं एक जोडपं. नवरा म्हणे पट्टे उभे पाहिजेत, घर उंच दिसतं. बायको म्हणे आडवेच, उभे म्हणजे तुरुंगाचे गज! मी ड्रिल मांडीवर घेऊन बसून राहिलो. चहा आला, पोहे आले, भांडण काही संपेना. शेवटी दोघं दमले आणि म्हणाले, "तात्या, तिरकं लावा."

लावलं तिरकं.

पुढे एकदा रस्त्यात भेटले. विचारलं, मिटलं का? बाई म्हणाल्या, "आमचं मिटलं हो. पण कामवाल्या मावशी रोज ते सरळ करून जातात. आता आम्ही दोघं मिळून त्यांच्याशी भांडतो!"

*

तिसरं चित्र दहिसरला नेताना स्मिताने बजावलं, "खिळा नाही, आग्रह नाही. नुसतं ठेवून या."

ठेवून आलो. महिना गेला, चित्र परत आलं नाही. तिकडून एक शब्दही नाही. एका रविवारी स्मिता म्हणाली, "चला तात्या, बघूनच येऊ."

गेलो. हॉलची भिंत मोकळी. स्मिताने सोफ्यामागे बघितलं, कपाटावर बघितलं. नाही. मग तिचा चेहरा उतरला आणि ती आत स्वयंपाकघरात गेली. तिच्यामागे मी.

गॅसच्या मागे, कढईला लागून, चित्र उभं होतं. पट्ट्यांवर तेलाचे ताजे शिंतोडे.

"आई! अगं हे चित्र आहे! फोडणी उडू नये म्हणून लावलंस?"

वहिनींनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"मग खंय लावू? हॉलात? हॉलात कोण बसता? मी दिसभर हयसर उभी असतंय," गॅसकडे झारा दाखवत त्या म्हणाल्या. "बाजूक सर गो, मोहरी तडतडता."