चार नंबरची जर्सी मी धुतली

चार नंबरची जर्सी पिशवीच्या अगदी तळाला होती. तिथेच मला कळायला पाहिजे होतं.

कारण घाडी दादांची जर्सी कधी तळाला नसायची. सगळ्यात वर असायची. सुलटी केलेली, घडी घातलेली, बाह्या आत. बाकीचे मॅच संपली की अंगातून ओढून काढतात आणि तशीच उलटी फेकतात. मोज्यांचे गोळे, त्यात टर्फचे काळे रबराचे दाणे, ते मला एकेक मोजा झटकून काढावे लागतात. दादा एकटेच मोजे झटकून द्यायचे. मी लागल्यापासून तीन वर्षांत एकदा पण चुकलं नाय.

आणि त्या रविवारी जर्सी तळाला, गुंडाळलेली, वरून दुसऱ्यांच्या चड्ड्या दाबलेल्या. उघडली तर वास आला. गळ्याशी आणि उजव्या बाहीवर उलटी. जास्त नाय. बाहीने तोंड पुसलं की लागते तेवढी.

मी काय केलं? धुतली. कामच ते माझं.

परळच्या एका फुटबॉल क्लबचं किट मी बघते. किट म्हणजे जर्सी, चड्डी, मोजे, सगळं. धुवायचं, वाळवायचं, नंबर बघून प्रत्येकाचा गठ्ठा लावायचा आणि मॅचला ती मोठी बॅग घेऊन जायचं. लोकांना वाटतं मशीनमध्ये टाकलं की झालं. नाय होत. रक्त असेल तर थंड पाणी आणि मीठ, गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो. माती असेल तर आधी वाळू द्यायची, मग ब्रश मारायचा, ओली माती घासली की आणखी आत जाते. नंबरवर इस्त्री लागली की नंबर गेला. आठवी नापास बाईला हे कोणी शिकवलं नाय, दोन नंबर जाळून शिकली मी. आता मी धुतलेल्या जर्सीवर कोणी डाग शोधून दाखवावा. तेच नडलं.

आणि हे काम मला टिकलं ते दादांमुळे. मी लागली तेव्हा परी आठ महिन्यांची होती. नवरा आहे, पण कुठे आहे ते मला विचारू नका. डिलाईल रोडच्या खोलीत पोरीला ठेवायला कोणी नाय, म्हणून मी तिला मोज्यांच्या बास्केटमध्ये बसवायची. सेक्रेटरी साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बघितलं.

"हा क्लब आहे का पाळणाघर?"

मला वाटलं गेलं काम. तर मागून दादा बोलले, "साहेब, बसूंदे ती. कोणाला टॅकल करत नाय, रेफ्रीला शिव्या घालत नाय. आपल्या पोरांपेक्षा बरी आहे." सगळे हसले, साहेब पण हसले, आणि परी राहिली. दादा लालबागचे, मूळ मालवणचे. माझ्या एकटीशी मालवणीत बोलायचे, कारण माझं माहेर पण तिकडचं. रोज सकाळी प्रॅक्टिसला आले की पहिलं, "काय गो, चेडू खय आसा?" म्हणजे पोरगी कुठाय. मग बास्केटमध्ये वाकून तिचं नाक ओढायचे.

दादा स्टॉपर. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहतो तो. तो गोल मारत नाय, समोरच्याला मारू देत नाय. म्हणून पेपरात नाव येत नाय. बॉल उंच आला की उडी मारून डोक्याने लांब फेकायचा, हे त्याचं काम. वीस वर्षं दादांनी ते एकाच क्लबसाठी केलं. मोठ्या क्लबने बोलावलं, गेले नाय. मॅचभर त्यांचाच आवाज. "मागे बघ! सरक! त्याला सोडू नको रे!" मला फुटबॉल कळत नव्हतं तेव्हा पण मला कळायचं की हा माणूस ओरडायचा थांबला की बाकीचे दहा जण हरवतात.

त्या रविवारी सेमीफायनल होती. कॉर्नर आला, म्हणजे कोपऱ्यातून उंच मारलेला बॉल, दादा आणि समोरचा फॉरवर्ड एकदम उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. मी बेंचच्या मागे बसलेली, तरी मला आवाज आला, नारळ फरशीवर पडतो तसा. दादा खाली पडले, उठले, हात वर केला, ठीक आहे म्हणून. मॅच खेळले. जिंकलो.

आणि मग ती जर्सी.

सोमवारी सकाळी मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "दादा, काल बरं नव्हतं काय?"

"कोण बोललं?"

"जर्सीवर होतं."

त्यांनी दाराकडे बघितलं. "वडो बाधलो गो."

मॅचच्या दिवशी दादा दोन केळी सोडून काय खात नाय. सालं मीच उचलते.

"धुतलंस मा?"

"धुतली."

"मग झाला. कोणाक सांगू नको. रविवारी फायनल आसा, माका बाहेर बसवतले. ही शेवटची माझी. मग आसाच आराम."

मी मान हलवली. ज्या माणसाने माझ्या पोरीला बास्केटमध्ये राहू दिलं त्याला मी काय नाय म्हणणार?

बुधवारी परी दादांचं बोट धरून मैदानात चालत होती. मी गठ्ठे लावत होती. दादा माझ्यासमोर आले, परी त्यांच्या हाताला लटकलेली, आणि मला विचारतात, "काय गो, चेडू खय आसा?"

मी हसली. मस्करी वाटली. "ही काय, तुमच्या हातात."

त्यांनी खाली बघितलं. बघतच राहिले. मग हसले, पण उशिरा हसले. पाच मिनिटांनी परत आले. परी तिथेच, बोट तिथेच. "चेडू खय आसा?"

त्या दिवशी दादांची जर्सी बाकीच्यांसारखी उलटी आली आणि तिच्यात मोजा कोणा दुसऱ्याचाच.

गुरुवारी मी कोच सरांकडे गेली. सर बोर्डवर फायनलचे गोल गोल चुंबक लावत होते. चार नंबरचा चुंबक मधोमध होता.

"सर, घाडी दादांना बरं नाय."

"तुला काय माहीत?"

"रविवारी त्यांना उलटी झाली. डोक्याला लागलं त्यानंतर. आणि ते विसरतात, सर. काल..."

"उलटी तू बघितलीस?"

"जर्सीवर होती."

"दाखव."

मी जर्सी आणली. सर उठले, खिडकीपाशी गेले, बाही उलटी केली, सुलटी केली, गळा बघितला. मग नाकाला लावली.

"मोगऱ्याचा वास येतोय, सुप्रिया."

"सर, मी धुतली. साबणाचा वास तो."

"मग मला काय दाखवतेस?" ते हसले नाय, ओरडले पण नाय. जर्सी माझ्या हातात दिली. मला वाटतं त्यांना बरंच वाटलं की काय दिसलं नाय. "घाडीला विचारू?"

"विचारा ना सर."

त्यांनी दारातूनच हाक मारली. "घाडी! फिट काय रे?"

मैदानातून आवाज आला, "एकदम!"

"झालं समाधान? तू कपडे धू बाई. स्टॉपर कोण खेळणार ते मी बघतो."

मी आणखी कुठे जायला पाहिजे होतं. दादांच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे, नाय तर साहेबांकडे. नाय गेली. मला वाटलं आता जास्त बोलली तर उद्या बास्केट बाहेर, आणि बास्केटबरोबर आम्ही दोघी.

फायनल टाऊनच्या मोठ्या मैदानावर होती, चार वाजता. पहिल्या अर्ध्या तासात आपला गोल झाला. मग सेकंड हाफमध्ये समोरचे नुसते उंच बॉल टाकायला लागले, सगळे आमच्या गोलसमोर. दादा उडत होते, डोक्याने काढत होते. मला मोजायचं नव्हतं, पण मोजले गेले. अकरा. प्रत्येक वेळी मी डोळे मिटत होती आणि परी टाळ्या वाजवत होती. आणि ओरडणं बंद होतं. सगळे जिंकायच्या नादात, कोणाच्या लक्षात आलं नाय की घाडी आज गप्प आहे.

शिट्टी वाजली. जिंकलो. सगळे धावले आणि दादा मात्र सरळ चालत समोरच्या टीमच्या बेंचवर जाऊन बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. ती पोरं हरलेली, तरी हसली. "काय घाडी, पार्टी बदलली काय?" दादा पण त्यांच्याकडे बघून हसले. एक नाडी सुटली. दुसरी त्यांना सोडता येईना. बोटं नाडीवर नुसती फिरत होती. मग ते बाजूच्या पोराच्या अंगावर कलंडले.

हॉस्पिटलमध्ये डोक्याचं ऑपरेशन झालं. आत रक्त साठलं होतं. डॉक्टरनी बाहेर येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "आधी डोक्याला मार लागला होता का? उलटी, विसरायला होणं, असं काही?"

वहिनी बोलल्या, "नाय."

कोच सर बोलले, "नाय डॉक्टर, एकदम फिट होता."

मी भिंतीला टेकून उभी होती, परी कडेवर. मी तिचा फ्रॉक सरळ केला. डॉक्टर बोलले, स्कॅनमध्ये जुनं रक्त पण दिसतंय, पहिल्या मारानंतर दोनतीन आठवडे बसवला असता तर कदाचित ही वेळ आली नसती. पहिलं बरं झालेलं नसताना त्याच्यावर परत मार बसला. असं ते शांतपणे बोलले आणि निघून गेले.

महिन्याभराने साहेबांनी मला ऑफिसात बोलवलं. कोच सर बाजूच्याच खुर्चीत, हातात पेन, टिकटिक करत होते.

"सुप्रिया, पोरं काय काय बोलतायत. तू फायनलच्या आधी सरांना काही सांगितलं होतंस?"

बाहेर परी बास्केटमध्ये बसून मोज्यांशी बोलत होती. मला ऐकू येत होतं.

"नाय साहेब."

"नक्की?"

"मला काय कळतं त्यातलं."

पेनचं टिकटिक थांबलं. कोच सर बोलले, "चांगली मुलगी आहे."

एवढं वाईट मला आयुष्यात कोणी बोललं नाय.

मग दादांचा सत्कार झाला. चार नंबर आता कोणाला द्यायचा नाय असं ठरलं, जर्सी फ्रेम करून भिंतीवर लावायची. साहेबांनी मला जर्सी मागितली. मी तीच नेली. कॉलर झिजलेला, काखेत मी घातलेले टाके. साहेबांनी तोंड वाकडं केलं, "ही फोटोत कशी दिसेल?" आणि नवी छापून आणली. तीच आता दारासमोर काचेत आहे. येणारे जाणारे तिला हात जोडतात. त्या जर्सीत दादांनी एक पण बॉल काढलेला नाय.

जुनी मी लालबागला घेऊन गेली. दादा गॅलरीत खुर्चीवर होते. डावा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेला तसाच. चेहरा ओळखीचा, नजर नाय. मी वहिनींना स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं, एका दमात, मध्ये थांबली असती तर परत बोलता आलं नसतं. उलटी, जर्सी, मोगरा, ऑफिस. मला वाटलं थोबाडीत मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

वहिनींनी जर्सी घेतली. सुलटी केली, घडी घातली, बाह्या आत. दादा घालायचे तशी.

"सोमवारी पहाटे घरी पण झाली," त्या बोलल्या. "चादर खराब केली. मी धुतली. शपथ घातलेली त्यांनी मला, पोरांची." त्यांनी गॅस लावला. "डॉक्टरला पण मी नायच बोलली. तू ऐकलंस ना. चहा घेशील?"

आम्ही दोघी चहा प्यायलो. गॅलरीतून आवाज आला, जड, तुटक. "चेडू... खय आसा?"

"मी इथे!" परी ओरडली. त्यांच्या पायाशीच होती. थोड्या वेळाने परत आला, "चेडू खय आसा?" परत ती ओरडली, "मी इथे!" तिला तो खेळ वाटतो. आता आम्ही दर रविवारी जातो, आणि ती न कंटाळता सांगते.

मी अजून तिथेच कामाला आहे. कोच पण तेच आहेत. नवा स्टॉपर आलाय, पाच नंबर घालतो, जर्सी उलटी फेकतो. गेल्या महिन्यात त्याच्या जर्सीच्या कॉलरला मागून रक्त होतं. थंड पाण्याची बादली भरलेली होती, मीठ पण टाकलेलं होतं. मी जर्सी उचलली आणि तशीच ऑफिसात नेऊन कोच सरांच्या टेबलावर ठेवली, त्यांच्या चहाच्या बाजूला.

"हे काय? वास मारतोय. टेबल खराब होईल."

"होऊंदे सर."

"धुवायचं सोडून इथे काय आणलंस?"

"आधी तुम्ही बघा," मी बोलली. "साहेबांना पण बोलवा. त्याला डॉक्टरकडे पाठवा. मग मी धुते."

मी तिथून हलली नाय. तेव्हापासून माझी पद्धत ती. डाग दिसला की पहिला टेबलावर. बादली नंतर.