बुधवार मोठ्या बाईंचा

"छान आहे" हे मोठ्या बाईंच्या लेखी कारणच नव्हतं. गाडीत कुणी गाणं लावलं की मागच्या सीटवरून त्या विचारायच्या, हेच का लावलं? समोरचा "छान आहे म्हणून" असं म्हणाला, की दोन सीटांच्या मधून त्यांचा हात पुढं यायचा आणि गाणं बंद व्हायचं. "छान तर चहा पण असतो," त्या म्हणायच्या. "तुम्ही हे का ऐकता, तेवढं सांगा. नसंल सांगायचं तर गप बसू. शांतता काय वाईट नसती."

आम्ही चौघं अपडाऊनवाले. राहायचं शहरात आणि शिकवायचं पाचोडच्या पुढं आत असलेल्या एका गावातल्या शाळेत. गाडी सरांची. ते पडेगावहून निघायचे, उस्मानपुऱ्यात मोठ्या बाईंना आणि मला घ्यायचे आणि बायपासला छोटे सर उड्या मारत आत शिरायचे. छोटे सर म्हणजे नवीन लागलेले, अजून लग्न व्हायचे. मोठ्या बाई मुख्याध्यापक वगैरे नव्हत्या, पण शाळेत सगळ्यांत जुन्या त्याच, म्हणून मोठ्या. रोज एवढा लांबचा रस्ता आणि रोज गाण्यावरून भांडणं, म्हणून बाईंनीच वार वाटून दिले होते. सोमवार सरांचा, मंगळवार माझा, बुधवार बाईंचा, गुरुवार छोट्या सरांचा. शुक्रवारी ज्याचं काही सांगायचं राहिलं असेल त्याचा. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा सगळेच डुलक्या घ्यायचे.

छोट्या सरांनी पहिल्या गुरुवारी हळदीला वाजवतात तसलं एक धांगडधिंगा गाणं लावलं. कारण काय, तर सध्या सगळीकडं हेच चालू आहे म्हणे. बाईंनी बंद केलं. दुसऱ्या गुरुवारी तेच गाणं, तेच उत्तर, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला पोरगं खिडकीबाहेर बघत म्हणालं, की ताईच्या हळदीत हे वाजत होतं, ती आता लांब सासरी आहे आणि घरात तिच्याशिवाय कुणी त्याच्याशी धड बोलायचं नाही. बाईंनी स्वतः हात घालून गाणं लावलं आणि आवाज मोठा केला. ते कर्कश गाणं आम्ही मुकाट्यानं ऐकलं. मला तर ते नंतर आवडायलाही लागलं, आता बोला.

मीही काही सुटले नाही. मी एक शांत जुनं गाणं लावलं आणि ऐटीत म्हणाले, यानं मन शांत होतं. बाई म्हणाल्या, "तुझं मन शांत झालेलं मी तरी कधी पाहिलं नाही गं." सगळे हसले. माझा पारा चढला आणि त्या भरात खरं बोलून गेले. नवीन लग्न झालं तेव्हा सासूबाईंशी वाजलं की मी मोरीतला नळ सोडून, हे गाणं बारीक आवाजात लावून रडून घ्यायची. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, हां, आता कसं. सरांचं मात्र पहिल्याच सोमवारी पास झालं होतं. ते जुनी हिंदी गाणी लावायचे, कारण गाडी चालवताना डुलकी लागत नाही. "हे खरं कारण आहे," बाई म्हणाल्या.

सरांबद्दल एक सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज नको. माणूस सोन्यासारखा. बाई चिकुनगुन्यानं आडव्या झाल्या होत्या तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्या घरी औषधं आणि शहाळं पोचवणारे हेच सर.

बाईंचा बुधवार म्हणजे एकच गाणं, दर बुधवारी तेच. त्यांचे वडील, त्यांना त्या दादा म्हणायच्या, खेडोपाडी जयंतीला भीमगीतं म्हणत फिरायचे. त्यांची स्वतःची गायन पार्टी होती, पेटी आणि ढोलकीसकट. त्यातलं एक गाणं बाईंच्या मामांनी घरातच टेप करून ठेवलेलं, ते बाईंनी मोबाइलमध्ये घेतलं होतं. आवाज खरखरीत, मागं कोंबड्या आणि मधेच एक पोर खोकतं. "ती मी," बाई दर वेळी कौतुकानं सांगायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, दादांचं आहे आणि अर्धं राहिलेलं आहे. अर्धं कसं, ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

आता आमच्याकडं हे उघड बोलायची पद्धत नाही, पण आडपडदा ठेवला तर पुढचं समजायचं नाही. बाई बौद्ध. सर, मी आणि छोटे सर मराठा, शेतीवाल्या घरांतले. सरांची सासरवाडी पाचोड, आणि सासऱ्यांचं बी-बियाण्यांचं दुकान भर पेठेत. शाळेला जायचा रस्ता त्याच पेठेतून. गर्दीमुळं गाडी तिथं बैलगाडीच्या चालीनं चालायची आणि काचा खाली असायच्या. बुधवारी पेठ आली की सरांचं बोट हळूच बटणाकडं जायचं आणि दादांचा आवाज बारीक व्हायचा. पेठ संपली की पुन्हा मोठा. मंगळवारी माझं गाणं, गुरुवारी ती हळद, सगळं खणखणत जायचं. फक्त बुधवारी असं. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं.

एका बुधवारी बाई म्हणाल्या, "सर, आवाज वाढवा."

सर म्हणाले, एवढी पेठ जाऊ द्या मॅडम, पुढं लावतो की मोठा. सासरवाडी आहे, लोक उगाच काहीबाही बोलतात.

"म्हणून तर इथंच वाजायला पाहिजे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी समोरच्या पाण्याच्या टाकीकडं बोट केलं. त्या लहान असताना त्या टाकीपाशी मंडप होता. दादा हेच गाणं म्हणत होते, बाई शेजारी झांज घेऊन बसलेल्या. निम्मं गाणं झालं आणि कुणीतरी भोंग्याची वायर ओढून काढली. दादा तसेच गात राहिले, पण आवाज पहिल्या रांगेपुढं जाईना. लोक उठायला लागले. त्यानंतर दादांनी ते गाणं कुठंच म्हटलं नाही, मामांची टेप त्याच्या आधीची. "या पेठेत हे गाणं मला एकदा तरी पुरं ऐकवायचंय. दादा गेले, आता मलाच करायला पाहिजे."

सर कानकोंडे झाले. म्हणाले, जुन्या गोष्टी आहेत मॅडम, आता कशाला. बाई रागावल्या नाहीत. गाडी बाजूला घ्यायला सांगून त्या उतरल्या. एका खांद्याला पर्स, हातात छातीशी धरलेला मोबाइल, त्यावर फुल आवाजात दादा. टाच दुखायची, म्हणून थोडं लंगडत, पेठेच्या मधोमध चालत निघाल्या. पेठेच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, चला सर, परिपाठाला उशीर नको. आम्हाला वाटलं, झालं, राग निघाला. पुढच्या बुधवारी पेठ आली, सरांचं बोट बटणाकडं गेलं आणि बाईंनी दार उघडलं.

मग हे दर बुधवारचंच झालं. ऊन असो, चिखल असो. आणि गाणं पुरं व्हायचं नाही ते नाहीच. कधी कुणी पालक मधेच थांबवून पोराच्या दाखल्याचं विचारायचा, कधी ट्रकच्या हॉर्नमध्ये सगळं बुडून जायचं. मधे खंड पडला की बाई ते धरायच्या नाहीत. "आज नाही झालं. पुढच्या बुधवारी बघू," एवढंच म्हणायच्या. एकदा एक माणूस दुकानातून ओरडला, की बंद करा ते. बाई त्याच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. शेवटी तो शटरच्या आत गेला. ते बघून माझा जीव गाडीत रमेना. पुढच्या वेळी मीही उतरले. छोटे सर म्हणाले, मी एकटा बसून काय करू, आणि तेही आले. सर गाडी घेऊन एकटेच मागून रांगत यायचे. मी त्यांना एकदा चांगलं फैलावर घेतलं, की अहो, तुम्हाला शहाळं पोचवायला लाज वाटत नाही आणि एवढं एक बटण सोडवत नाही होय? तरी बोट थांबलं नाही.

बाईंच्या निवृत्तीआधीचा शेवटचा बुधवार उजाडला. आज नाही झालं तर पुढचा बुधवार नव्हता. पेठेत उतरलो, चालायला लागलो. कुणी अडवलं नाही, हॉर्न वाजला नाही. टाकीच्या जवळ आलो आणि मोबाइलनं मान टाकली. निम्म्यात. बाईंनी बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

मग त्या गायला लागल्या. जिथं तुटलं होतं तिथून पुढं. बाईंना सूर नव्हता, ते त्या स्वतःच सांगायच्या. आवाज फाटत होता, पण थांबत नव्हता. एवढे बुधवार करून आम्हाला शब्द न् शब्द पाठ झालेला. मी तोंड उघडलं, छोट्या सरांनी कोरस धरला आणि बांगड्यांच्या दुकानातली बाई पायरीवर येऊन आमच्यात म्हणू लागली. समोर टेम्पो खाली होत होता, त्यामुळं सरांची गाडी आमच्या मागंच अडकली होती, बरोबर सासऱ्यांच्या दुकानासमोर. काच खाली होती. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. "झालं," बाई म्हणाल्या. "दादांचं पुरं झालं." मी तिथंच, चारचौघांत, रडले. बाई मात्र रडल्या नाहीत. पदरानं घाम पुसून त्या गाडीत बसल्या.

निवृत्तीनंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. यंदाच्या थंडीत हृदयविकारानं गेल्या. उस्मानपुऱ्यातून आता मी एकटीच गाडीत बसते. बाईंच्या जागेवर नवीन मॅडम आल्या आहेत. त्यांना अजून आमचे वार माहीत नाहीत.

गेल्या बुधवारी कुणी काही म्हणायच्या आत सरांनी दादांचं गाणं लावलं. निवृत्त होताना बाईंनी ते छोट्या सरांच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं होतं, त्यांच्याकडून सरांनी कधी घेतलं, मला माहीत नाही. पेठ आली. मी त्यांच्या बोटाकडं बघत बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. गाडी रांगत होती, काचा खाली होत्या, सासरे दुकानात बसलेले दिसत होते. नवीन मॅडमनी विचारलं, कुणाचं आहे हो हे? मी सांगणार, तेवढ्यात सरच बोलले.

"आमच्या मोठ्या बाईंच्या वडिलांचं. ते इथं गात होते, त्या टाकीपाशी, तर आमच्या लोकांनी वायर काढली. आणि मागाहून याच पेठेत त्यांचा आवाज मी कमी करायचो. म्हणून लावलं."