म्हातारी निघाली लेकाकडे

माझ्या आईनं अकरा वर्षं माझ्या घरचं घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं. उलट वर्षातून दोनदा ती खालापूरकडच्या आमच्या गावाहून, वाटेत एसटी बदलून, कशेळ्याला मला भेटायला यायची. नातींना मांडीवर घ्यायची, माझ्या डोक्याला तेल चोळून द्यायची आणि जेवणवेळ झाली की पिशवीतून भाकरीची पुरचुंडी काढून ओटीवर जाऊन बसायची. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही. तिला मुलगा झाला की मग चालतं, असा आमच्याकडचा नियम. मला दोन मुली, आणि धाकटीच्या वेळी मी ऑपरेशन करून घेतलेलं. म्हणजे नियमाप्रमाणे माझी आई या जन्मात माझ्याकडे जेवणार नव्हती.

तहान लागली की ती शेजारणीकडे जायची. तिथे चहासुद्धा घ्यायची, आणि वर म्हणायची, "चा झ्याक केलास गं बाई!" हे मी माझ्या दारात उभी राहून ऐकायची. असा संताप यायचा! शेजारीण चहात साखरेऐवजी गूळ घालायची, तोही काळा, आणि तो चहा म्हणे झ्याक. मी एकदा भांडलेही. "तुझ्या पोटची मी, की ती?" आई म्हणाली, "तू हायेस म्हणून तर नाय पीत."

अशात मी शिकवायची त्या शाळेत बाहुल्यांचं नाटक शिरलं. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी कुठल्याशा शिबिरात बाहुल्या बघून आले होते. माणसाला नवा चष्मा लागला की तो सगळीकडे बघत सुटतो, तसं त्यांचं झालं होतं. त्यांनी हेडमास्तरांना फर्मान सोडलं: यंदाच्या संमेलनात बाहुल्यांचं संगीत नाटक झालं पाहिजे, गोष्ट जुनी हवी आणि संदेश नवा. हेडमास्तरांनी ते फर्मान जसंच्या तसं माझ्या गळ्यात मारलं, कारण मी पहिलीच्या वर्गाला होते आणि माझ्या घरी शिवणयंत्र होतं.

मी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घेतली. ती सगळ्यांनाच ठाऊक असते. हडकलेली म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ अडवतो, ती म्हणते, बाबा, आत्ता माझ्यात काय आहे खाण्यासारखं, लेकीकडे चांगलंचुंगलं खाऊन येते, मग खा. परत येताना ती भोपळ्यात बसून येते आणि वाघ बसतो बोटं मोडत. ही गोष्ट मुलांना आवडते म्हणून निवडली, असं मी शाळेत सांगितलं. साफ खोटं. ती मी एकाच बाईसाठी निवडली होती. आईला समोर बसवून, एका म्हातारीनं लेकीकडे पोटभर जेवलेलं मला तिला दाखवायचं होतं. तोंडानं सांगून अकरा वर्षं झाली होती, आता बाहुलीनं सांगून बघू.

कागदाचा लगदा भिजवला, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीचं पीठ घातलं आणि डोकी केली. घरभर कडू वास. म्हातारीचं लुगडं आईच्याच जुन्या लुगड्यातून कापलं. वाघाचा आवाज माझ्या नवऱ्यानं द्यायचा ठरलं. तोही त्याच शाळेत शिकवायचा, आणि घरात मीठ हवं असलं तरी आधी दोनदा खाकरून मग मागायचा. त्याला वाघ केलं म्हणून सगळी शाळा हसली. पेटीवर भजनी मंडळाचे बुवा. बुवांना चाली येत होत्या त्या सगळ्या देवाच्या, त्यामुळे वाघाच्या प्रवेशालाही तीच चाल आणि म्हातारीच्या प्रवेशालाही तीच. मी म्हटलं, "बुवा, वाघ जरा भयंकर वाटायला हवा." बुवा म्हणाले, "मग मी जोरात वाजवतो."

मोठा भोपळा कशेळ्याच्या बाजारात मिळेना. आईच्या परसात गोठ्यावर चढलेला वेल होता. मी पत्र टाकलं, संमेलनाला ये आणि सर्वांत मोठा भोपळा घेऊन ये. हे पत्र टाकताना माझ्या मनात फक्त नाटक होतं, शपथेवर सांगते.

मग तालमीला कमिटी आली. कमिटी म्हणजे अधिकारी, हेडमास्तर आणि सरपंच. तिघे पहिलीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. अधिकाऱ्यांनी आधी विचारलं, या म्हातारीला मुलं किती? मी म्हटलं, गोष्टीत एकच मुलगी आहे. ते खूश झाले. "उत्तम! लहान कुटुंब! हे एका गाण्यात येऊ द्या." शिवाय वाघ हा आता राष्ट्रीय प्राणी झालाय, तेव्हा त्याची फार फजिती करू नका, असंही ते म्हणाले. हेडमास्तरांना म्हातारीनं जेवणाआधी हात धुतलेले दाखवायचे होते. मी सगळ्याला हो म्हटलं. बाहुलीचे हात धुवायला काय जातं?

सगळं झाल्यावर सरपंच म्हणाले, "बाई, नाटक बेस हाय. पण ह्या म्हातारीचा लेक कुठं गेला?"

"तिला मुलगा नाहीच आहे."

"आसं कसं? गावात म्हातारी हाय म्हंजे लेक आसणारच. आन् लेक आसताना ती लेकीच्या दारात जेवाया जाते? लोक काय म्हणतील? पोरांच्या मनावर काय संस्कार होतील? तिला लेकाकडं धाडा."

मी अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकारी छताकडे बघत होते. हेडमास्तर म्हणाले, "बाई, एका अक्षराचा तर फरक आहे." वाघानं माणूस खाल्लेला चालतो, भोपळा चालू लागलेला चालतो, पण म्हातारी लेकीकडे जेवली तर संस्कार बिघडतात! मी घरी येऊन रडले. नवरा दोनदा खाकरला आणि म्हणाला, "अगं, बाहुल्या तर आहेत." त्याला काय सांगू? माझ्या सगळ्या नाटकात तो एकच शब्द माझा होता.

संमेलन दुपारचं होतं. शाळेच्या व्हरांड्यात दोन बाकं उभी करून त्यांना चादर बांधली होती. सकाळी आई आली, कडेवर मूल घ्यावं तसा भोपळा घेऊन. कंडक्टरनं म्हणे त्याला जागा देऊन तिला उभी ठेवली होती. मी तो भोपळा वरून कापून आतला गर काढला, पातेल्यात घरी पाठवला आणि पोकळ भोपळा रंगमंचावर नेला. आई बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत बसली. तिच्या शेजारी सरपंचांची आई. पुरुषांच्या बाजूला खुर्चीवर हार घातलेले सरपंच.

बुवांनी पेटी धरली आणि वाघ आला. चाल ओळखीची निघाली तशा दोन-तीन म्हाताऱ्यांनी वाघाला हात जोडले. नवऱ्यानं डरकाळी फोडली, आणि चादरीच्या फटीतून मला दिसलं, माझ्या आईनं झटकन डोक्यावर पदर घेतला. वाघाला भिऊन नाही. जावयाचा आवाज ओळखून.

"म्हातारे, कुठं निघालीस?" वाघानं विचारलं.

माझ्या हातात म्हातारी. मी ठरल्याप्रमाणे म्हणाले, "लेकाकडं निघाले रे बाबा. तिकडं तूप-साखर खाते, जाडजूड होते, मग मला खा."

मग सरपंचांची आई मोठ्यानं हसली. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती नेहमी ओरडूनच बोलायची. "लेकाकडं जाऊन कोण जाडजूड झालंय गं? मी धा वरसं लेकाकडंच हाय, बघ माझी दंडाची कातडी!"

अख्खी बायकांची बाजू फुटली. पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या पाठीत थापा मारून बायका हसत होत्या. पुरुषांच्या बाजूला सरपंच हारातली फुलं मोजू लागले. बुवांना वाटलं आपलंच काही चुकलं, त्यांनी पेटी थांबवली. वाघानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आणि चक्क खाकरला.

कुठून बळ आलं कोण जाणे. मी म्हातारीला कपाळावर हात मारायला लावला आणि म्हणाले, "चुकलं रे वाघोबा, म्हातारपण! लेकीकडं निघाले मी. लेकीकडं!"

"आता कसं बोललीस!" सरपंचांची आई ओरडली. टाळ्या पडल्या. पुढे म्हातारी पोटभर जेवली, हात धुऊन जेवली, भोपळ्यात बसली आणि मुलांनी गाणं धरलं: "घरंगळ रे भोपळ्या, उतार आला, म्हातारी सुटली, वाघ भुकेला." राष्ट्रीय प्राण्याची यथास्थित फजिती झाली. सगळे हसत होते. माझी आई तेवढी हसत नव्हती. ती खाली मान घालून बांगडी फिरवत बसली होती.

मला वाटलं, संपलं. चारचौघांत तिला टोचलं आपण. आता ही दोनदाचीही यायची बंद होणार.

घरी आलो. शेवटच्या एसटीला अजून वेळ होता. आई ओटीवर जाऊन बसली, पुरचुंडी काढली, पण सोडेना. मी चुलीपाशी गेले. पातेलंभर गर पडला होता, तो फुकट घालवायचा नव्हता म्हणून गूळ घालून शिजवला, तांदळाचं पीठ मळलं आणि घारगे तळायला घेतले. मुली ताटल्या घेऊन भोवती बसल्या. पहिला घाणा निघाला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"भोपळा कोणाचा गं?" तिनं विचारलं.

"तुझा."

"माझ्या वेलाचा?"

"तुझ्याच वेलाचा."

"मग त्ये माझंच झालं," आई म्हणाली आणि पाट ओढून बसली. "दोन वाढ."

पीठ माझं होतं, गूळ माझा, तेल माझं, चूल माझी. पण मी दोन वाढले. तिनं ते खाल्ले, तिसरा मागितला, आणि मग हात पुढे करून म्हणाली, "पानी दे." मी तांब्या काठोकाठ भरून पुढे केला. तेवढ्यात नवरा दारात येऊन खाकरला. आईनं पदर डोक्यावर घेतला, पण घास थांबवला नाही.

त्यानंतर ती भोपळा घेऊन यायची. लहान, मोठा, कधी कोवळा हिरवा, पण भोपळा असायचाच. ओटीवर टेकला की ती सरळ आत यायची. भाजीही तिच्या भोपळ्याची, घारगेही, आणि मग शेजारी वाढलेला वरणभातसुद्धा भोपळ्याच्या हिशेबात जायचा. चार दिवस राहायची. माझ्या मुलींना भोपळ्याचा वीट आला. मी त्यांच्यावर डोळे वटारायची, गप खा.

असं पाचेक वर्षं चाललं. मग एकदा ती आली तेव्हा पिशवी खांद्याला होती, पण चपटी. भोपळा नाही, भाकरीची पुरचुंडीही नाही.

"आई, यंदा वेल नाही लागला?"

"लागला की. गोठा वाकलाय भोपळ्यांनी."

"मग?"

"आता एवढं वझं कोण आणील ह्या वयात!" आई म्हणाली. चपला काढून ती आत आली आणि पाटावर बसली. "काय केलंयस, ते वाढ."