रुद्रम्माच्या विहिरीचं पाणी

महेश्वरीचं काम आईला कधी नीटसं उमगलं नाही. कुणी विचारलं, लेक धाराशिवात काय करती, तर रुद्रम्मा सांगायची, "गावोगावचं पाणी बाटल्यांत भरून येतंय, ते बघती आन् प्यावं का न्हाय ते सांगती." मग हसून वर म्हणायची, "पाणी बघून कळतंय व्हय? पिऊन कळतंय."

महेश्वरी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. तालुक्यातालुक्यातून बर्फाच्या पेटीत बाटल्या यायच्या. प्रत्येक पाणी ती जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांत घालायची आणि नळ्या इनक्युबेटरच्या उबेत ठेवायची. पाण्यात मैल्यातले जंतू असले की जांभळं द्रावण पिवळं पडायचं, आत वायूचा बुडबुडा धरायचा. नळ्या जांभळ्याच राहिल्या की तिला त्या गावातल्या कुणालाही न बघता बरं वाटायचं. चाळिशी गाठली, लग्न राहून गेलं, पण कामात जीव रमला होता.

गाव उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या वेशीला लागून. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. बाप गुंडप्पा आयुष्यभर विहिरी खोदत फिरलेला माणूस. दुसऱ्यांच्या शेतात पाणी काढून देता देता त्यानं एक विहीर स्वतःच्या परसात खोदली, ती नव्या नवरीसाठी. रुद्रम्माला डोक्यावर घागर घेऊन लांब जावं लागू नये म्हणून. त्या विहिरीला गोड पाणी लागलं. टंचाईत आसपासची चार घरं तिथूनच भरायची, आणि रुद्रम्मा काठावर उभी राहून म्हणायची, "न्या गं, न्या. आटायची न्हाय ती."

पुढं रुद्रम्माचे गुडघे धरले. लांबवर जाणं होईना, रात्री-अपरात्री तर नाहीच. गुंडप्पानं कुणाला न विचारता परसातच संडास बांधला, दारापासून आठ-दहा पावलांवर. शोषखड्डा स्वतःच्या हातानं खोदला. फोनवर तो लेकीला सांगत होता, "अव्वा, तुझ्या आईला आता एका हातानं भिंत धरून जाता येतंय बघ." मायेनं तो महेश्वरीला अव्वाच, म्हणजे आईच, म्हणायचा. तिलाही ऐकून हायसं वाटलं. खड्डा कुठं घेतलाय, हे तिनं विचारलं नाही.

त्या वर्षी श्रावणात पावसानं उसंत दिली नाही. एका सकाळी बापाचा फोन आला. "आईला जुलाब लागल्यात. तू नको धावत येऊ, साखर-मिठाचं पाणी देतोय."

"कुठलं पाणी, अप्पा?"

"आपलंच की. विहिरीचं."

"उकळून द्या. न्हाय तर गाडी करा आन् दवाखान्यात न्या, आत्ताच न्या."

पण रुद्रम्मा हट्टी. दवाखान्याचं नाव काढलं की तोंड फिरवायची. शेजारच्या मथुराबाईच्या घरातही दोघं तसेच पडले होते, तरी बाप दुपारपर्यंत थांबला. महेश्वरी एस.टी.नं दवाखान्यात पोचली तेव्हा आईची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. सलाइन लावायला शीर सापडत नव्हती. आईनं डोळे उघडले आणि पुटपुटली, "पाणी दे की." दिवेलागणीला ती गेली.

त्यांच्यात, लिंगायतांत, जाळत नाहीत. रुद्रम्माला बसवून, हातात बेलपत्र देऊन माती दिली.

सुतक, नातेवाईक, रडारड सगळं चालू असतानाच महेश्वरीनं प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटल्या मागवून घेतल्या. शेजारची घरं अजूनही तेच पाणी भरत होती. दोरी बांधून तिनं बाटली विहिरीत सोडली, भरली, बर्फात ठेवली. गुंडप्पा ओट्यावरून बघत होता.

ती बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत पोचली, तेव्हा तिचा सहकारी इंद्रजित म्हणाला, "ताई, हे मी करतो. तुम्ही बसा."

"नको. आईनं शेवटी हेच मागितलं होतं. मीच बघते."

दुसऱ्या दिवशी तिनं इनक्युबेटरचं दार उघडलं. एकूणएक नळी पिवळी. बुडबुडे वर दाटलेले. आयुष्यात अशा कितीतरी नळ्या तिनं पाहिल्या होत्या, पण आज हातातल्या स्टँडमध्ये घरच्या विहिरीचं पाणी होतं. ती खुर्चीत बसली आणि पहिल्यांदा मोकळी रडली. इंद्रजितनं तिच्या हातातून स्टँड काढून घेतला. मग डोळे पुसून तिनं आधी ग्रामसेवकाला फोन केला: विहीर बंद करा, आजच.

बापाला सांगायला मात्र ती स्वतः गेली. तो परसात उभा होता.

"खराब निघालं न्हवं?"

"व्हय, अप्पा."

"कशानं?"

"पावसाचं पाणी मुरलं असंल. सगळीकडंच…"

गुंडप्पानं तिला पुढं बोलू दिलं नाही. जन्मभर जमिनीतलं पाणी कुठून कुठं जातं हे बघितलेला माणूस तो. संडासाकडं बघितलं, तिथून उताराकडं, उतारावरून विहिरीकडं. मग खाली बसला.

"म्याच मारली व्हय गं तिला?"

महेश्वरीला नाही म्हणायचं होतं. पण तिचा खोटेपणा त्यानं ओळखला असता, आणि मग कुणाकडंच वळायला त्याला जागा उरली नसती.

"तुमी तिच्या पायांसाठी बांधलंत, अप्पा," ती म्हणाली. "तिला ते ठाऊक होतं."

तो तोंडावर हात घेऊन रडला. बापाला रडताना तिनं कधी बघितलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी मातीत बसून राहिली. मथुराबाई कुंपणापलीकडून बघून परत फिरली.

विहिरीवर लोखंडी जाळी बसली. संडास बुजवून पंचायतीनं लांब नवा बांधून दिला, पण गुंडप्पा तिथं राहायला तयार नव्हता. तो लेकीकडं धाराशिवात आला. भाड्याच्या दोन खोल्या. जेवायचा थोडंच, बोलायचा त्याहून कमी. रुद्रम्माचं नाव त्याच्या तोंडून पुन्हा आलं नाही. महेश्वरीही घेईनाशी झाली. एकमेकांना जपता जपता दोघांनी रुद्रम्माला घरातून जणू घालवूनच दिलं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

संध्याकाळी ती कामावरून आली की तो एकच गोष्ट विचारायचा.

"आज कुठलं पाणी खराब निघालं?"

ती गावाचं नाव सांगायची.

"कळवलंस त्यास्नी?"

"सकाळीच कळवलं, अप्पा."

"पुन्हा एकदा फोन कर. लोकं ऐकत न्हाईत लवकर."

आणि ती चपला न काढता, दारातच उभी राहून, पुन्हा फोन लावायची.