धुक्यात गेलेला चेंडू

ये गं, बस अशी जवळ. समोर नाहीस म्हणून काय झालं, हे वाचशील तेवढा वेळ तरी बस. राहतेस घोरावाडीला आणि वागतेस अशी, जसं काही विमानानंच यायचंय! लोकलनं लोणावळ्याला उतरलं की आपलं कुसगाव हे इथं. पण नाही, रविवार आला की बाईसाहेब अंपायर.

परवा फोनवर म्हणालीस, मैदानावर धुकं उतरलं म्हणून तू खेळ थांबवलास आणि दोन्ही संघांच्या पोरी तुझ्यावर चिडल्या. तुझे आबा शेजारीच होते. फोन ठेवला आणि मला तुझी ती मॅच आठवली, त्यांनी तुला आऊट दिलं होतं ती.

आबांना बेसबॉलच्या नियमांचं लय वेड. कारखान्यातून आले की आधी पुस्तक, मग चहा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग त्यांनी ओट्यावर चार वाट्या उपड्या मांडल्या, त्या बेस. पळणारे गडी म्हणजे शेंगदाणे. तू येता-जाता गडी खायचीस, तो भाग वेगळा.

“हे बघ,” आबा सांगायचे, “पहिल्या आन् दुसऱ्या वाटीवर गडी हाय. चेंडू उंच उडाला. झेलला जाईल म्हणून गडी वाटी सोडत न्हाईत. पण पडला, तर त्यांना पुढं पळावंच लागतं. मग झेलणारी लबाड पोरगी मुद्दाम चेंडू पाडंल, गड्यांच्या आधी पुढच्या वाट्यांवर पोचवंल आन् दोघांना बाद करंल. म्हणून सहज झेलता येईल असा चेंडू असंल, तर अंपायरनं तो वर असतानाच ओरडायचं, मारणारी आऊट! मग गडी आपल्या वाटीवर सुखात.”

“आन् सहज झेलता येईल का न्हाई, ते कोण ठरवणार?”

“अंपायर.”

“म्हंजे तुमी.”

“म्हंजे मी,” असं म्हणून ते मिशीत हसायचे.

तुझ्या त्या मॅचला अंपायर खरं तर पुण्याहून यायचे होते, पण ते शनिवारच्या गाड्यांच्या गर्दीत अडकले. दोन्ही बाजू म्हणाल्या, आबाच उभे राहू देत. जिल्ह्याच्या संघासाठी पोरी बघायला निवडणारे आले होते. तू आठवडाभर बुटांना पांढरा रंग लावत होतीस. शेवटचा डाव, एका धावेची गरज, एक पोरगी आधीच बाद. तू दुसऱ्या वाटीवर, पहिलीवर तुझी मैत्रीण. आणि दरीतून धुकं चढायला लागलं.

चेंडू उंच उडाला आणि त्या पांढऱ्यात दिसेनासा झाला. तू वाटीवर उभी. नजर चेंडूकडे नाही, आबांच्या तोंडाकडे. ते ओरडतील म्हणून थांबलेली. ते ओरडलेच नाहीत. चेंडू थप्पदिशी पडला तो झेलायला उभ्या असलेल्या पोरीच्या पाठीमागं. तिनं उचलला, तिसऱ्या वाटीवर फेकला, तिथून दुसरीवर. तू बाद, मैत्रीण बाद. मॅच गेली. जिल्ह्याच्या संघात तुझं नाव आलं नाही.

घरी आल्यावर तू त्यांना आबा म्हणणंच सोडलंस. “आये, अंपायरसाहेबांना भाकरी वाढ. अंपायरसाहेबांना विचार, मीठ बरोबर हाय का.”

आबा ताटात बघूनच बोलायचे, “त्या पोरीला चेंडू दिसलाच न्हाई. मग सहज कसा झेलंल? आन् फसवंल तरी कशी? नियम कशासाठी केलाय, ते बघायचं असतं.”

“आये, त्यांना सांग, मला पटलं न्हाई.”

“खेळाडूनं वाद घालायचा न्हाई. कॅप्टनला पाठव.”

तू मला पुढं ढकललंस. “ही माझी कॅप्टन.”

आता कॅप्टन झाले तर बोलायला नको? मी हात पदराला पुसले आणि विचारलं, “अहो, ज्या धुक्यात चेंडू दिसत न्हाई, त्या धुक्यात खेळ चालू कशाला ठेवला?”

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग तुझ्याकडं वळून म्हणाले, “खेळ थांबवायला पायजे होता. ती माझी चूक. पण चेंडू उडाल्यावर जे दिलं, ते बरोबर दिलं. तेवढं मी बदलणार न्हाई.”

तू रडता रडता म्हणालीस, “मग अर्धीच माफी, आबा.”

आबा म्हणालीस ना, त्यांना तेवढंही पुष्कळ झालं. तू आंघोळीला गेल्यावर त्यांनी उशिरापर्यंत तुझे चिखलाचे बूट घासले.

आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पुस्तक वाचवत नाही. काल चाचपडत वाट्या मांडल्या आणि दुसऱ्या वाटीवर एक शेंगदाणा ठेवला. म्हणाले, “पोरीनं खेळ थांबवला बघ. मला जमलं न्हाई ते. राहिलेली अर्धी माफी कधी देतीया, विचार तिला.”

“तुमीच विचारा की.”

“अंपायर कसा विचारंल? कॅप्टननं विचारायचं.”

म्हणून विचारतेय. एखादा रविवार मॅच सोड आणि ये लवकर. शेंगदाणे भाजून ठेवते, जरा जास्तच.